ताईच्या आवाजाचा स्पीड

माझं अख्खं करिअर चुकीच्या स्पीडवर उभं आहे. हे मी इंग्रजीत पुष्कळांना सांगून पाहिलं. लोक हसतात, "ब्रिलियंट" म्हणतात आणि पुढचा प्रश्न विचारतात. म्हणून आता मराठीत लिहायला बसलोय. मराठीत कुणी ब्रिलियंट म्हणणार नाही, फार तर "बरं, मग?" म्हणतील. तेवढं मला चालेल.

मी हाउस म्युझिक करायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मशीनवर केलेलं, नाचायचं संगीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखा ठोका. अमेरिकेतून ते इकडे आलं तेव्हा लीड्समध्ये तसलं काही करणारे आम्ही मूठभर लोक होतो, आणि त्यात मराठी मी एकटाच. दिवसा हॉस्पिटलात ईसीजी मशिनं आणि सलाइनचे पंप दुरुस्त करायचे, संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या मशिनींशी झटापट करायची. दोन्हीकडची मशिनं सारखीच हट्टी. आता साठी उलटून गेली, कंबर धरते, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, आणि तरी महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी ईमेल करतं: तुमच्या त्या रेकॉर्डबद्दल बोलायचं होतं. 'त्या' रेकॉर्डबद्दल. केल्या मी चिक्कार. विचारतात एकच.

ती रेकॉर्ड समजायची तर आधी ताई समजायला हवी. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही दोघं सध्या आईवडिलांच्या जुन्या घरात एकत्र राहतो. तिचे मिस्टर गेले, मुलं लांब देशांत. माझा संसार फार पूर्वीच आटोपला, भांडण न होता, कंटाळून. ताई जन्मभर वॉर्ड सिस्टर होती आणि रिटायर झाली तरी वॉर्ड काही सुटलेला नाही. मी बीपीची गोळी घेतली की नाही, हे ती पेल्यातलं पाणी किती उरलंय ते बघून ठरवते.

वडील डॉक्टर. नागपूरहून इथल्या हॉस्पिटलात आले, मागोमाग आम्ही. त्या काळी इथे आपली माणसं थोडी, पण एप्रिल आला की जयंती व्हायचीच. चर्चचा हॉल भाड्यानं घ्यायचा, तसबिरीला हार, निळ्या पताका, वंदना, एखादं लांबलचक भाषण, आणि मग गाणी. गायची ताई. आवाजाची व्यवस्था माझ्याकडे, कारण घरात सोल्डरिंग करता येणारा मीच होतो. एक ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर, एक माइक. संगीतातलं माझं शिक्षण म्हणाल तर तेवढंच.

ताईचा आवाज खडा. माइक तिच्या तोंडापासून हातभर लांब ठेवावा लागायचा, नाहीतर स्पीकर फाटायचे. शब्द सुरू व्हायच्या आधी ती एक आलाप घ्यायची, खालून उचलून सरळ वर न्यायची आणि वर नेऊन सोडून द्यायची. मागच्या रांगेत गप्पा मारणाऱ्या बायका तिथे गप्प व्हायच्या. वडील मान खाली घालून बसायचे. त्यांना आपल्या डोळ्यांतलं पाणी लोकांना दाखवायचं नसायचं. बोलून दाखवलं नाही त्यांनी कधी, पण आम्हाला काय, दिसायचंच.

पुढे मी सॅम्पलर घेतला. सॅम्पलर म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून ठेवणारी आणि तो की-बोर्डवर वाजवू देणारी मशीन. त्यात एक खोड होती. वरची पट्टी दाबली की आवाज उंच व्हायचाच, शिवाय भरभर पळायचा. खालची दाबली की जाड आणि संथ. वेग आणि उंची वेगळी काढता यायची नाही. ताईला म्हटलं, जयंतीच्या कॅसेटमधला तुझा आलाप घेऊ का? ती नाइट ड्युटीवर निघाली होती, बूट घालत होती. म्हणाली, "घे की. मला काय विचारतोस? पण त्यावर ढाम ढाम लावू नकोस."

ढाम ढामच लावलं. तो आलाप माझ्या ठोक्यात बसेना, म्हणून दोन पट्ट्या वर चढवला. तेव्हा सगळेच तसं करायचे. बायकांचे आवाज वर ओढून पोरींसारखे करायची फॅशनच होती. ट्यूनच्या मध्यावर सगळे ड्रम थांबतात आणि तो आलाप एकटा येतो, अशी रचना केली. मला ती जागा फार आवडायची. अजूनही आवडते, खोटं कशाला बोलू.

मग रेकॉर्ड काढली. व्हाइट लेबल. म्हणजे मधल्या गोल कागदावर काही छापायचं नाही, कोरा पांढरा. आमच्यात तो रिवाजच होता. कोऱ्या लेबलची रेकॉर्ड दुकानात आली की डीजे लोक तिच्यावर तुटून पडायचे, कुणाची आहे हे माहीत नसणं हीच गंमत. मला तर ते सोयीचंच होतं. आपलं आडनाव वाचलं की लोक लगेच त्यात तबला शोधायला लागतात. तेव्हा नाव नाही, गाव नाही. आणि त्या भरात रेकॉर्ड कुठल्या स्पीडला लावायची तेही छापलं नाही.

रेकॉर्ड दोन वेगांनी फिरवता येते, तेहतीस आणि पंचेचाळीस. आमच्या मोठ्या बारा इंची रेकॉर्डी दोन्ही वेगांच्या निघायच्या, त्यामुळे नुसतं बघून कळायचं नाही. माझी पंचेचाळीसची. लीड्समधल्या चार ओळखीच्यांना ते माहीत होतं. त्यांनी बरोबर लावली, लोक नाचले, आणि महिन्याभरात विसरूनही गेले.

नंतर एका शनिवारी काही कामानं ब्रिस्टलला गेलो होतो. दुपारी सवयीनं एका रेकॉर्डच्या दुकानात शिरलो. आत काहीतरी वाजत होतं. संथ, जडशीळ, पायाखालची फरशी हलेल असा बेस. मला वाटलं, वा, हे कुणाचं? मग ड्रम थांबले आणि एक बाप्याचा आवाज आला, खोल, घोगरा, खालून वर चढणारा. त्या चढण्यात काहीतरी ओळखीचं होतं. मी काउंटरपर्यंत गेलो आणि फिरणारा तो कोरा पांढरा कागद बघितला. माझी रेकॉर्ड. तेहतीसवर.

दुकानदाराला विचारलं, कोणाची आहे? म्हणाला, कुणालाच माहीत नाही, वर नॉर्थमधला कुणीतरी आहे, पण त्या माणसाचा आवाज ऐका, काय माणूस असेल तो. सगळं ब्रिस्टल ही लावतंय म्हणाला. मी सांगून टाकलं की ही माझी आहे आणि तुम्ही ती चुकीच्या स्पीडला लावताय. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "राइट, मेट" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. झालं. संपलं तिथेच.

घरी येऊन ताईला सांगितलं तर ती हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी. "मला बाप्या केलं? अरे देवा, तुझ्या दाजींना सांगते." दुसऱ्या दिवशी सगळ्या वॉर्डला सांगून आली. पुढे कितीतरी दिवस तिच्याबरोबरच्या नर्सेस तिला हाक मारताना आवाज जाड करायच्या.

तिच्यासाठी गोष्ट तिथे संपली. माझ्यामागे मात्र ती लागली ती लागलीच. ती संथ रेकॉर्ड इतकी चालली की पुढे तिच्या नकला निघाल्या, तिच्यावर लेख आले. मी कोण हे यथावकाश बाहेर आलं, पण स्पीडचं कुणी मनावर घेतलं नाही. मी म्हणायचो, मी हाउस करतो. ते म्हणायचे, हो, पण ती संथ वाली. मी नंतर ज्या केल्या, मन लावून केल्या, त्या हाउसच होत्या, बरोबर स्पीड छापून. त्या कुणी उचलल्या नाहीत. मला बोलावणी यायची ती त्या एकीसाठी. मुलाखतीला आलेला प्रत्येक माणूस विचारणार: तो गायक कोण? मी सांगणार: गायक नाही, माझी बहीण आहे. मग तो हसणार आणि छापताना 'एक अनोळखी पुरुष गायक' असंच छापणार, कारण ऐकताना पुरुष ऐकू येतो ना. दहा वेळा सांगितलं, वीस वेळा सांगितलं. शेवटी मी सांगायचं सोडून दिलं. माणूस दमतो हो. हॉस्पिटलची नोकरी होती, ती केली, पेन्शन घेतली.

आता ताईचं. काही वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, थायरॉइडचं. गाठ निघाली, ती साधी निघाली, सगळे सुटलो. पण आवाज गेला. म्हणजे बोलते, पण वरचा भाग कापून टाकल्यासारखा. जाड, खरखरीत, आणि संध्याकाळपर्यंत तोही संपतो. सर्जननं आधी सांगितलं होतं, असं होऊ शकतं म्हणून. तिनंच कित्येक पेशंटना हे समजावून सांगितलेलं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? मला हाक मारायची तर भिंतीवर पळी आपटते. फोनवर बँकेतली मुलगी तिला "सर" म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ताईनं तिला दुरुस्त केलं. नंतर तिनंही सोडून दिलं.

गाणं तर बंदच झालं. ती जयंतीला जायची, खुर्चीवर बसायची, टाळ्या वाजवायची. कुणी नवीन मुलगी गायला उठली की चहा बघायला आत जायची. मी समजायचो, पण काय बोलणार? आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायची पद्धत नाही. "मेथी आणलीस का" एवढंच विचारायचं आणि त्यात सगळं आलं असं समजायचं.

मागच्या हिवाळ्यात ब्रिस्टलहून फोन आला. एक गृहस्थ, चाळिशीचे, फार नम्र, लहानशी रेकॉर्ड कंपनी चालवतात. त्यांना ती रेकॉर्ड पुन्हा काढायची होती. मूळ टेप आहे का? टेप होती, कपाटात, मोज्यांच्या मागे. मी म्हटलं, देतो, पण एका अटीवर. यावेळी बरोबर स्पीडला काढायची. ते म्हणाले, तुमचा आदर ठेवून सांगतो, लोक जिच्यावर प्रेम करतात ती संथ वाली, ही नाही. मी म्हटलं, लोकांचं मला सांगू नका, मी लोकांसाठी थांबलो तेवढं पुष्कळ झालं. ते म्हणाले, विचार करा. मी फोन ठेवला आणि चडफडत बसलो.

ताई शेजारीच शेंगा सोलत होती. माझ्या रेकॉर्डमध्ये तिनं कधी रस घेतला नव्हता. पण त्या दिवशी हात थांबवून म्हणाली, "त्यात माझाच आवाज आहे ना? तेव्हाचा?"

"तुझाच."

"मला एकदा ऐकव. मी कशी गायचे ते मला आठवतच नाही रे. शब्द आठवतात, हॉल आठवतो, साडी कुठली होती तेही आठवतं. आवाज आठवत नाही."

जयंतीच्या कॅसेटी कधीच गेल्या होत्या. काहींवर कुणीतरी क्रिकेटची कॉमेंटरी भरली, उरलेल्या गॅरेजच्या ओलीत खराब झाल्या. ताई गातेय असं दुसरं काहीही कुठे शिल्लक नव्हतं. होता तो हा एक आलाप, माझ्या रेकॉर्डमधला. तेव्हा ब्रिस्टल गेलं खड्ड्यात, मी म्हटलं, ताईला तिचा आवाज ऐकवायचा.

रेकॉर्ड काढली, पुसली, पंचेचाळीसवर लावली. ती खुर्ची ओढून स्पीकरसमोर बसली, वंदनेला बसतात तशी हात जोडून. ड्रम थांबले, आलाप आला. ताईनं माझ्याकडे पाहिलं. "ही कोण लहान पोर? मी नाही ही."

खरंच होतं. मीच दोन पट्ट्या वर ओढलेला आवाज तो. इतक्या वर्षांत माझ्या कानाला तोच ताईचा वाटायला लागला होता. मग तेहतीसवर लावली. "आणि हा तर बुवा." टर्नटेबलला वेग थोडा कमी-जास्त करायची पट्टी असते. पंचेचाळीसवरून जितका खाली येईल तितका आणला, अजून पोरच. तेहतीसवरून जितका वर जाईल तितका नेला, अजून बुवाच. ताईचा आवाज त्या दोघांच्या मधे कुठेतरी होता, आणि तिथे मशीन पोचतच नव्हती. मी तिच्यासमोर खाली बसून त्या पट्टीशी खेळत राहिलो आणि ती "राहू दे रे" म्हणत राहिली.

राहू कसं द्यायचं? टेपवरनं सगळं कॉम्प्युटरवर घेतलं. तिथे हवा तो वेग मिळतो. पण हवा तो म्हणजे कुठला? माझ्या कानावर माझा भरवसा नव्हता, तिला आठवत नव्हतं, आणि हो म्हणायला तिसरं माणूस जिवंत नव्हतं. आठवडाभर मी नुसता वर-खाली करत बसलो. एका वेगाला वाटायचं हीच ताई, चहा पिऊन आलो की वाटायचं छे, ही कुणी भलतीच.

मग एका दुपारी आलापाच्या सुरुवातीला, तिनं श्वास घेतलाय तिथे, मागची घरघर ऐकू आली. बारीक, सतत. चर्चच्या हॉलमधलं वायरिंग गचाळ होतं आणि माझा ॲम्प्लिफायर घरघरायचा. ही घरघर मी जन्मभर ऐकलीय. ईसीजीच्या कागदावर हीच यायची, रेघ जाड करून टाकायची, आणि ती घालवायला मला वॉर्डात बोलवायचे. ती विजेची असते. या देशात वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, तेव्हाही घ्यायची, आजही घेते. म्हणजे घरघरीची उंची ठरलेली. टेपवरची मोजली तर पन्नासच्या वर. ताईबरोबर मी तिलाही वर ओढली होती. आता ती पन्नासवर आणून ठेवली की ताई आपोआप जिथे होती तिथे येणार. मी आणली. ऐकलं. आणि मला वडील मान खाली घालून बसलेले दिसले.

ताईला बोलावलं. तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. जेमतेम काही सेकंदांचा तर तुकडा. ती ऐकताना हलली नाही. संपल्यावर बोटानं खूण केली, परत. परत लावला. तिसऱ्यांदा तिनं खूण केली नाही, हेडफोन काढून टेबलावर ठेवले, वायर नीट गुंडाळून.

"हीच ना?" मी विचारलं.

"हीच," ती म्हणाली. मग, "छान गायची." शेजारच्या वारलेल्या बाईबद्दल बोलावं तसं.

ती वर तिच्या खोलीत गेली. मी खालीच बसून होतो, जरा फुशारकीतच म्हणा ना, जमवलं म्हणून. मग छतातून आवाज आला. ती तो आलाप घेऊन बघत होती, त्या उंचीवर. पहिले दोन सूर आले, तिसऱ्याला आवाज तुटला आणि नुसता वारा राहिला. तिनं परत सुरू केलं. परत तिथेच तुटला. मग बेसिनचा नळ सुरू झाला आणि बराच वेळ वाहत राहिला.

सकाळी पोहे वाढताना म्हणाली, "ते डिलीट कर."

मी हो म्हटलं. केलं नाही. पुढचे कितीतरी दिवस आम्ही घरात एकमेकांना चुकवत वावरलो. ती किचनमध्ये आली की मी बाहेर. मला स्वतःचाच राग येत होता, आणि तिचाही, आणि त्या सर्जनचाही. ज्यासाठी एवढा खटाटोप केला त्यानं तिला उलट त्रासच झाला. कुठला स्पीड बरोबर, कुठला चूक, यातला माझा रसच निघून गेला. ब्रिस्टलचे ईमेल येत होते, मी उघडतही नव्हतो.

शेवटी त्या गृहस्थांनी पोस्टानं एक नमुन्याची रेकॉर्ड पाठवली. संथ वाली, जुन्या प्रतीवरून नव्यानं कापलेली, म्हणजे तबकडीवर रेघा कोरलेली, सोबत दोन ओळी: एकदा ऐकून तर बघा, मग तुम्ही म्हणाल ते. मी फोडून बाजूला ठेवली. पण कामाची खोड जात नाही. नमुना आला की पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, कुठे टकटक आहे का, कुठे खरखर आहे का. शनिवारी दुपारी लावली, आवाज बारीक ठेवून. ताई किचनमध्ये मेथी निवडत होती, मधलं दार उघडं होतं.

मी मान वाकवून, डोळे मिटून दोष शोधत होतो. बेस ठीक. ड्रम ठीक. मग ड्रम थांबले आणि तो बुवा आला, खोल, घोगरा. आणि त्याच्याबरोबर दुसरा एक आवाज. मी म्हटलं, झाली माती, कापण्यात घोळ घातला, डबल येतंय. रेकॉर्डमध्ये असं होतं कधी कधी, शेजारच्या रेघेतला आवाज या रेघेत उतरतो. मी कान स्पीकरला लावला. स्पीकरमध्ये एकच आवाज होता.

दुसरा किचनमधून येत होता. मेथी निवडता निवडता ताई त्या बुवाबरोबर आलाप घेत होती. त्याच पट्टीत. ऑपरेशननंतर जेवढा उरलाय तेवढ्याच आवाजात, खरखर आहे तशी, पण सूर नेमका. तो वर चढला तशी ती चढली. ज्या तिसऱ्या सुरावर वरच्या खोलीत तिचा आवाज तुटला होता तो आला, आणि गेला, आणि ती पुढे गेली, शेवटपर्यंत, आणि वर नेऊन सोडून दिलं. तिचंच सोडणं ते. दुसऱ्या कुणाला येत नाही.

मला रडू आलं. उगाच आडवळणानं सांगत नाही, चक्क रडू आलं. तीस-पस्तीस वर्षं मी ज्या स्पीडला शिव्या घालत होतो, त्या स्पीडवर माझी बहीण आज गाऊ शकत होती, आणि दुसऱ्या कुठल्याही नाही.

ड्रम परत सुरू झाले तशी ती थांबली. तिला वाटलं असावं मला ऐकू गेलं नाही. मग आतूनच म्हणाली, "ते मघाचं परत लाव."

मी सुई उचलून मागे नेली. परत लावलं. ती परत गायली, आता जरा मोकळेपणानं. मध्ये खोकली, पाणी प्यायली, म्हणाली, "हा बुवा बरा आहे. पळत नाही. मला बरोबर घेऊन जातो." मी "हूं" म्हटलं. सुई परत मागे नेली. दुपारभर आम्ही तेवढंच केलं. मेथी तशीच राहिली.

सोमवारी मी स्वतःहून ब्रिस्टलला फोन लावला. म्हटलं, संथ ठेवा. तेहतीस. लेबलवर मोठ्या अक्षरात छापा, कुणाला शंका नको. गृहस्थ इतके आभार मानायला लागले की मलाच लाज वाटली. म्हटलं, थांबा, अट आहे. गायिकेचं नाव छापायचं, माझ्या नावाच्या वर.

"गायिका?" ते म्हणाले. "कुठली गायिका? यावर तर एक पुरुष आहे."

"तो पुरुष माझी थोरली बहीण आहे," मी म्हटलं आणि नाव सांगितलं. स्पेलिंगही सांगितलं. हे गृहस्थ मात्र हसले नाहीत. पलीकडून पेन्सिलीची खरखर ऐकू आली.

मग त्यांनी जरा चाचरत विचारलं, "त्या अजून आहेत ना? म्हणजे... अजून गातात का त्या?"

किचनमध्ये कुकर चढवलेला होता, खिडकीच्या काचा वाफेनं धूसर झाल्या होत्या, आणि ताई माझ्याकडे पाठ करून डाळ घाटत उभी होती.

"हो," मी म्हटलं, "गाते."